लाल खिरीची वाटी

वार्सितीने उकळत्या भाताच्या खिरीत गुळाचा खडा टाकला आणि रंग चढेपर्यंत ती ढवळत राहिली. शेजारी पांढरी खीर निवत होती.

"लाल कोणाची?" सेकारने विचारले.

"आईची. पांढरी बाबांची. दोघांपासून तू झालीस, म्हणून जटा काढताना दोन्ही मांडायच्या."

"म्हणजे लाल तुझी?"

"मग काय शेजारणीची?" वार्सिती हसली.

सेकार वर्षाची असताना वार्सिती तैवानला गेली, परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायला. बाप दिवसभर शेतात, म्हणून पोर वाढली आत्याकडे, तुमिनाकडे. तिथेच तापातून उठताना तिला जटा आल्या. सात वर्षांनी, गेल्या महिन्यात, वार्सिती परतली आणि लेकीला आपल्या कमाईच्या नव्या घरी घेऊन आली.

जटा कापण्याआधी मुलाने मागितलेले द्यावेच लागते, नाहीतर जटा परत येतात, तापासकट. काय मागणार ते विचारले की सेकार म्हणे, कात्री लावणाऱ्या आजोबांनाच सांगेन. मूल मागून मागून काय मागणार, म्हणून वार्सितीने सायकल आणूनच ठेवली होती.

अंगणात नैवेद्य मांडला गेला. बटाट्याच्या शेतातली माणसेही येऊन बसली. गावचे वडीलधारे कार्सो आजोबा कात्री घेऊन पुढे सरकले.

"बोल पोरी, काय हवं?"

सेकारने सायकलकडे पाहिले, मग आईकडे.

"आत्याकडे राहायचंय."

आजोबांनी रीतीप्रमाणे तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज बारीक झाला, पण उत्तर तेच होते.

मागे बसलेली तुमिना धडपडत उठली. "लहान आहे हो ती, वहिनी. बोलते काहीतरी."

"कबूल असेल तरच कात्री लावतो," आजोबा म्हणाले. सेकारच्या बापाने मान खाली घातली.

आपणच बांधलेल्या घरातून आपल्याला कोणी हाताला धरून बाहेर काढते आहे, असे वार्सितीला वाटले. तिने सेकारच्या कपाळावर हात ठेवला. या कपाळाचा ताप तिने फोनवर ऐकला होता, हाताने कधी पाहिला नव्हता. कपाळ गार होते.

"कबूल," ती म्हणाली.

एकेक जट पांढऱ्या फडक्यात पडली. शेवटची पडल्यावर वार्सिती उठली. नैवेद्यातली लाल खिरीची वाटी तिने उचलली, माणसांमधून वाट काढत मागे गेली आणि तुमिनापुढे ठेवली.

"वन्सं, ही तुमची," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत खा."