पिठाच्या डब्याची चिठ्ठी

चूक माझी हाय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शिकवायला नको. चिठ्ठी म्या चिकटवली. पण चिठ्ठीची बातमी म्या केली नाय, अन् त्या बातमीपायी माझ्या भाचीची नोकरी टांगणीला लावली ती बी म्या नाय.

भाची म्हणजे श्रेया, माझा धाकटा भाऊ बद्रीनाथ, त्याची पोरगी. तीन वर्षं खोलीत कोंडून घेऊन अभ्यास केला अन् तलाठी झाली. अजिंठ्याच्या अलीकडची तीन गावं तिच्याकडं. अजून कायम झालेली नाय. सुरुवातीची वर्षं डाग न लागता काढली की मग कायम करतेत. त्या तीन गावांत फिरायला तिनं स्कूटी घेतली, स्वतःच्या पगारातून. बापाकडं एक रुपया मागितला नाय.

मागच्या मे महिन्यात फुलंब्रीला तिचं लग्न झालं. रुखवत मांडायचं काम माझ्याकडं, कारण लग्नघरात थोरली आत्या असली की ते तिच्याच गळ्यात पडतं. आमच्याकडं रुखवतातल्या वस्तूवर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावतेत. कपाट मामाकडून, पलंग चुलत्याकडून, कुकर मावशीकडून. चिठ्ठी नसली की माणूस रुसतो, अन् एकदा रुसला की पुढच्या तीन लग्नांना येत नाय. बद्रीनं हौसेनं स्कूटी बी रुखवताशेजारी उभी केली.

"आक्का, पोरीनं स्वतः घेतली. दिसू दे की लोकांना," म्हणला.

आता पोरीनं स्वतः घेतलेल्या वस्तूवर काय चिठ्ठी लावावी? तसली चिठ्ठी आमच्यात कुणी कधी लिहिलेलीच नाय. म्हणून स्कूटी तशीच कोरी उभी राहिली.

दुपारी इंद्रजीतदादाची माणसं आली. हा दादा म्हणजे जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीतला पुढारी. वर्षभर झालं, जिल्ह्यात कुठं बी मांडव दिसला की त्याच्याकडून स्टीलचा पिठाचा डबा येतो. झाकणावर दादाचा हात जोडलेला फोटो. आमच्या गल्लीत तसले सहा डबे हायेत. सहा घरांत रोज सकाळी दादाचं टाळकं उघडल्याबिगर भाकरी होत नाय.

टेबलावर जागा नव्हती, म्हणून म्या तो डबा स्कूटीच्या पाय ठेवायच्या जागेवर ठेवला. डब्याला कुणाचे तरी तेलकट हात लागलेले, चिकटपट्टी काही धरंना. मग चिठ्ठी लावली स्कूटीच्या तोंडावर: "मा. इंद्रजीतदादा यांच्याकडून सप्रेम भेट." घंटाभरानं आचाऱ्याला बुंदी ठेवायला भांडं कमी पडलं, त्यानं डबा उचलून नेला. चिठ्ठी तिथंच राहिली. मी पंगतीत वाढायली होते, मला काय पत्ता.

आमच्याच मांडवात जेवलेल्या कुणीतरी त्या स्कूटीचा फोटो काढून शहरातल्या एका मोबाइलवरच्या चॅनलला पाठवला. पोरीची हळद उतरायच्या आत बातमी आली: "तलाठी नवरीला दादांकडून स्कूटी? जमिनीच्या फेरफाराशी काय संबंध?" संबंध असा की अजिंठ्याच्या रस्त्याला दादानं हॉटेल काढायला जमीन घेतलेली, अन् तिची नोंद श्रेयाच्याच टेबलावर होती. दुसऱ्या चॅनलनं विचारणं काढून टाकलं अन् "दिली" असंच लिहिलं. तिसऱ्यानं स्कूटीची चारचाकी केली अन् कुठल्या तरी दुकानातल्या पांढऱ्या गाडीचा फोटो लावला. चौथ्यानं सूत्रांच्या हवाल्यानं पाच तोळे सोनं घातलं. त्याचं सूत्र कोण, तर तिसरं चॅनल. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या बांगड्या बेन्टेक्सच्या, अन् ह्यांनी पोरीच्या गळ्यात पाच तोळे घातले.

पाचव्या दिवशी श्रेयाचा फोन आला. तिला धड बोलता येईना, म्हणून नोकरीच्या गावी तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या कहकशानं फोन घेतला. ती बी तलाठीच हाय, शेजारच्या गावांची.

"आत्या, नोटीस आली है. तीन दिवसांत खुलासा मागितला. नीट नाही झालं तर इसको कायम नहीं करेंगे."

"अन् दादाला नोटीस?"

"त्यांना कशाला येईल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतेत ते हे. म्या त्याच दिवशी पिशवी उचलली, एसटी धरली अन् शहरात उस्मानपुऱ्यात गेले. पहिली बातमी टाकणाऱ्या चॅनलचं ऑफिस तिथं एका मेडिकलच्या वर. आत एक टेबल, मागं निळा पडदा, अन् सत्यम नावाचा तिशीतला माणूस. पोरगा वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्या त्याला डबा, तेलकट हात, बुंदी, सगळं सांगितलं.

"काकू, आम्ही दिली असं म्हटलंच नाही," तो म्हणला. "आम्ही विचारलंय."

"कुणाला विचारलंस?"

"म्हणजे, बातमीत विचारलंय."

"पोरीला फोन केलास? तिच्या बापाला? माझं घर मांडवापासून चार पावलांवर हाय. ज्या दुकानातनं गाडी घेतली त्याचं नाव गाडीच्या मागं लिहिलंय, तिथं तरी विचारायचंस."

मग म्हणला, "काकू, खरं सांगू का, मी विचारत बसलो असतो तर तोवर दुसऱ्यानं टाकली असती."

"मग टाकू द्यायची होती. त्याच्या अंगावर गेले असते. इथं माझा बसचा एक घंटा वाचला असता."

तो हसला, अन् मला बी राग ठेवता येईना. त्यानं माझ्यासमोर दोन ओळींचा खुलासा लिहिला. पहिली बातमी सत्तर हजार लोकांनी बघितली होती. खुलासा दुसऱ्या दिवशीपर्यंत दोनशे अकरा जणांनी बघितला. त्यातल्या वीस वेळा तर म्याच उघडून बघितला असंल.

मग बद्रीला घेऊन दादाकडं गेले. म्हणलं, तुम्ही तरी सांगा की गाडी दिली नाय. दादा सोफ्यावर बसलेला, चहा मागवला, लई गोड बोलला. "ताई, लेकीबाळींना मी देतो असं लोक म्हणत असतील तर म्हणू द्या. त्यात वाईट काय हाय?" त्याला ती बातमी गोड लागायली होती. फुकटात दानशूर झालेला माणूस. बद्री हात जोडून बसला, माझ्या भावाला तसं बसलेलं म्या कधी बघितलं नव्हतं. मला इतका संताप आला की चहा तसाच टेबलावर ठेवला अन् उठले.

पण गावचं तोंड कोण धरणार? आठ दिवसांत दादाच्या दारात नवऱ्यामुलींचे बाप उभे राहायला लागले. तलाठणीला गाडी, मग आमच्या पोरीनं काय घोडं मारलं? पिठाचा डबा कुणी घेईना. फुलंब्रीत एकानं तर डबा परत पाठवला. तवा दादाला घाम फुटला, अन् त्यानं पत्रकार बोलावून सांगितलं की मी कुणाला बी गाडी दिलेली नाय. त्याची बी बातमी झाली: "दादांनी हात झटकले." म्हणजे दिली होती अन् आता नाय म्हणतोय, असाच लोकांनी अर्थ घेतला.

श्रेयानं खुलाशाला दुकानाचं बिल जोडलं, बँकेचा कागद जोडला, गाडी लग्नाच्या चार महिने आधी तिच्या नावावर झाली त्याचा पुरावा जोडला. दादाच्या जमिनीची नोंद तर तिनं आधीच कागद अपुरे म्हणून अडवून ठेवलेली निघाली. नोटीस काढणारा साहेब शहाणा माणूस होता. जूनच्या शेवटाला तिला पत्र मिळालं की तिच्याविरुद्ध काही आढळलं नाय. बद्रीनं गल्लीत पेढे वाटले. मला वाटलं, चला, सुटलो. म्या देवीला नारळ बी फोडला.

दिवाळी झाल्यावर मी तिच्याकडं दोन दिवस राहायला गेले. तिचा डबा घेऊन दुपारी ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली. ती जेवायला हात धुवायली होती, तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. दगडाबाई तिचं नाव, साठीच्या पुढची. एका हातात कागदाची पिशवी, दुसऱ्या हातात दोरी, अन् दोरीला शेळीचं पिल्लू.

"तलाठीबाई, मालक चैत्रात वारले," म्हणली. "जमिनीला माझं नाव लावायचंय."

"वारसाची नोंद. बसा ना, आजी. कागद बघू," श्रेया म्हणली.

म्हातारी बसली नाय. तिनं दोरी पुढं केली.

"हे घ्या. आम्हाला गाडी काय जमत नाय बाई. मोबाइलात आलं तवा नातवानं दाखवलं. म्हणलं, रिकाम्या हातानं कसं जावं."

श्रेया ओल्या हातानं तशीच उभी राहिली. मग खाली बसली अन् हळू आवाजात म्हणली, "आजी, मी काही घेत नाही. गाडी माझी मी घेतलीय. ती बातमी खोटी होती."

"व्हय व्हय," म्हातारी म्हणली. समजूत घातल्यासारखं म्हणली. दोरी काही मागं घेईना.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबाचं पत्र श्रेयाच्या पिशवीत होतं, पण ते ह्या बाईला दाखवून काय उपयोग, तिला वाचता कुठं येतं. शेवटी म्या तिच्या हातातनं दोरी घेतली, पिल्लू बाहेर लिंबाला बांधलं अन् म्हणलं, "जाताना घेऊन जायचं. नाय नेलं तर काम होणार नाय." तवा कुठं ती खुर्चीवर टेकली.

"आजी, चैत्रात वारले, मग इतके दिवस का नाही आलात?" श्रेयानं विचारलं.

"येणारच होते. पण शेळी गाभण होती."

श्रेयानं अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला, पोच दिली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. तेवढ्या दहा मिनिटांसाठी ती बाई, बातमी बघितल्यापासून पाच महिने, शेळी व्यायची वाट बघत बसली होती.