दोन वसंत कुंडीत

मी डॉगवूड, एक फुलझाड बोलतोय. पांढऱ्या फुलांचा, उंचीने अजून तुमच्या खांद्याइतकाच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, एका रोपवाटिकेत, धुक्यात मी वाढलो. मिसेस टॉलेफसन मला घरी घेऊन आल्या, त्याच महिन्यात त्यांचे पती अर्नी वारले होते. अर्नींना खिडकीतून डॉगवूड फुललेला बघायचा होता, ते राहूनच गेलं.

दर शुक्रवारी त्यांच्याकडे गवत कापायला युसेबियो यायचा. मूळचा मेक्सिकोचा, एकोणीस वर्षं याच कामात.

"एवढं झाड लावून दे," बाई म्हणाल्या.

त्याने टोपी काढली. "सेन्योरा, गवत कापताना कोणी अडवत नाही. झाड लावायचा धंदा करायचा तर राज्याचा परवाना लागतो. मागे एकाकडे लावलं, तर त्याच्या शेजाऱ्यानं तक्रार केली. पुन्हा माझ्या नावाने तक्रार गेली तर परवाना कधी मिळायचाच नाही."

"मग दुसऱ्याला बोलावू?"

"बोलवा," तो खाली बघत म्हणाला.

"तोंड बघ केवढंसं केलंयस. तू परवान्याची परीक्षा दे, मी थांबते. हे झाडही थांबेल."

माझं मत कोणी विचारलं नाही.

मी मागच्या दारी थांबलो. कुंडीत मुळांना जायला जागा नसते, ती गोल गोल फिरत राहतात. अर्धवट झोपेत मला वाटायचं, तळ नाहीसा झालाय आणि मी ओल्या काळ्या मातीत हळूहळू उतरतोय. जाग यायची ती बाईंच्या आवाजाने. त्या युसेबियोची परीक्षेची तयारी करून घेत.

"खड्डा किती रुंद?"

"मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट तरी."

"हाताने दाखवू नकोस. इंग्रजीत सांग."

हाताला येत होतं ते कागदावर उतरेना. दोनदा तो नापास झाला. दोन वसंत मी कुंडीतच फुललो, दुसऱ्या खेपेला जेमतेम चार फुलं आली. त्या हिवाळ्यात बाई पडल्या, घर विकलं गेलं आणि त्या वृद्धाश्रमात गेल्या. मला युसेबियोने आपल्या अंगणात नेलं. वाटलं, आता संपलं सगळं.

मार्चमध्ये तो पास झाला. परवान्याचा क्रमांक त्याने स्वतःच गाडीच्या दारावर रंगवला, जरासा वाकडा. आश्रमाची परवानगी घेतली आणि मला घेऊन बाईंच्या खिडकीखाली आला. आधी करार पुढे केला.

"एका झाडाचा करार?" बाई हसल्या.

"नियम आहे, सेन्योरा."

त्यांनी सही केली. त्याने सुरीने माझी गुंतलेली मुळं कापली. फार दुखलं. मग माती लागली, गार आणि खोल, अगदी स्वप्नातल्यासारखी.

"जरा डावीकडे," खिडकीतून बाई म्हणाल्या. "अर्नी नेहमी खिडकीशी डावीकडे बसायचा."

त्याने मला पुन्हा उचलून डावीकडे लावलं.

आता बाई दुपारभर खिडकीशी बसून असतात. कधी मला बघतात, कधी डोळा लागतो. एकच सांगणं आहे माझं. झाड लावायला कोणी आलं तर त्याला परवान्याचा क्रमांक जरूर विचारा, आणि तो सांगत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा; त्या आकड्यासाठी तो किती खपला ते तिथे दिसेल.