डब्यातली अंघोळ

सकाळी साडेसहाला न्हाणीघराचं दार लागलं की ते सातच्या पुढेच उघडायचं. बाहेर नवरा खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळलेला, लेक दात घासून घासून कंटाळलेली, आणि आत बाईंचं केस धुणं चाललेलं. थंडी असो, पडसं असो, केस धुतल्याशिवाय बाई घराबाहेर पाऊल टाकत नसत.

"अगं, ते केस आहेत की गालिचा?" नवरा दाराबाहेरून विचारायचा.

एका मोठ्या रुग्णालयात नोंदणी विभागाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्या टापटिपीमुळे सगळे त्यांना 'इस्त्रीबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे.

त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी आली. कामाला चोख, बोलायला मऊ. घाबरलेला रुग्ण तिच्यासमोर बसला की दोन मिनिटांत निवायचा. एके दिवशी ती आरशापुढे उभी राहून एका डब्यातून केसांच्या मुळांवर काहीतरी फवारताना इस्त्रीबाईंना दिसली.

"हे काय गं?"

"ड्राय शाम्पू, मॅडम. केस परवा धुतलेत, आता उद्या धुवीन. मधल्या दिवसांत जरा तेलकट दिसतात म्हणून."

"परवा!" इस्त्रीबाई दोन पावलं मागे सरकल्या.

दुपारी चहाच्या वेळी त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ऐकलंत का? आपल्याकडे आता डब्यातली अंघोळ आलीय! पाणी नको, साबण नको!"

सगळे खो खो हसले. मुलगीही कसनुसं हसली, पण तिचा चहा कपातच राहिला. मग कुणी तिच्याजवळची खुर्ची लांब ओढू लागलं, कुणी ती आली की खिडकी उघडू लागलं. आठवड्याभरात इस्त्रीबाईंनी तिला काउंटरवरून उठवून मागे जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं.

"कामात काही चुकलं का, मॅडम?"

"कामात नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे महिन्याभरानं घाईघाईत केस धुताना फेसावरून इस्त्रीबाईंचा पाय सटकला. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. केस धुवायचे कसे? नवऱ्यानं मोठ्या उमेदीनं बाही वर केली. निम्मा शाम्पू बायकोच्या डोळ्यांत गेला, निम्मं पाणी प्लास्टरवर. शेवटी डाव्या हातानंच नमस्कार करून त्यांनी त्याला थांबवलं आणि नणंदेला बोलावलं. नणंद वीस वर्षं केस कापण्याचं दुकान चालवत होती.

तिनं भांग पाडून पाहिलं. "वहिनी, टाळू केवढी लाल झालीय! खाज येते ना?"

"येते. म्हणून तर आणखी घासते."

"वा! खाजतंय म्हणून घासायचं, आणि घासलं म्हणून पुन्हा खाजायचं! अहो, ज्याचं डोकं तेलकट, घामट, त्यानं खुशाल रोज धुवावं. तुमचे केस मुळात कोरडे. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं."

"पण वन्सं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय तुमच्या टाळूत राहायचंय?" नणंद हसली. तिनं तेव्हाच केस धुऊन दिले आणि यापुढे आठवड्यातून दोनदा येऊन धुऊन द्यायचं ठरवलं. मधल्या दिवसांसाठी तिनं पिशवीतून एक डबा काढला. "हा ड्राय शाम्पू. वीतभर अंतरावरून मुळांवर मारायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग विंचरून झटकायचा. यानं तेल शोषलं जातं, डोकं धुतलं जात नाही, हे मात्र विसरू नका."

डबा पाहून इस्त्रीबाई ओशाळल्या. मग हळूहळू त्यांनी त्या मुलीची सगळी हकिकत सांगितली.

नणंदेचं हसू मावळलं. "तिच्या अंगाला वास यायचा?"

"नाही."

"काम वाईट होतं?"

"नाही हो, सगळ्यांत चांगलं."

"मग वहिनी, मळ कुठे होता ते आता तुम्हीच बघा."

चौथ्या दिवशी इस्त्रीबाई कामावर गेल्या. केस धुऊन तीन दिवस झालेले. कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. जो तो हाताचीच चौकशी करत होता. त्या तडक फायलींच्या खोलीत गेल्या.

"घरी कुणी आजारी आहे का गं तुझ्या? की पाण्याची अडचण? आधीच सांगितलं असतंस तर..."

"मॅडम, घरी सगळे ठणठणीत आहेत, नळालाही पाणी आहे. माझ्या केसांना एवढंच धुणं मानवतं. त्याला दुःखाचं कारण कशाला हवं?"

इस्त्रीबाईंची मान खाली गेली. "चुकलं माझं. उद्यापासून काउंटरवर ये."

"येईन. पण मॅडम, बोललात सगळ्यांसमोर, आणि माफी या कपाटांच्या आड?"

क्षणभर त्यांना राग आला. मग तो ओसरला. चहाच्या वेळी त्या उभ्या राहिल्या. डाव्या हातानं खुर्चीची पाठ घट्ट धरलेली.

"आज माझे केस धुऊन तीन दिवस झालेत! मीही डब्यातलीच अंघोळ करून आलेय. कुणाला कळलं?" कुणीच हसलं नाही. "ही मुलगी स्वच्छ होती आणि आहे. घाण माझ्या जिभेवर होती. पोरी, मला माफ कर."

कोपऱ्यातून म्हाताऱ्या टंकलेखिका म्हणाल्या, "मी तर तीस वर्षं फक्त रविवारी धुते. सांगायची हिंमत नव्हती, एवढंच!"

आता मात्र हशा पिकला, आणि त्यात त्या मुलीचाही आवाज होता. दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर बसली.

वाचकहो, स्वच्छता हवीच. तिच्याशी तडजोड नको. पण ती ज्याच्या त्याच्या शरीराला मानवेल तशी असते. शेजाऱ्याचं डोकं किती दिवसांनी धुतलं जातं हे मोजण्याआधी, त्याच्याबद्दल आपण काय बोलतो ते एकदा तपासून पाहू या. केसांतला मळ पाण्यानं निघतो. दुसऱ्याच्या मनाला लावलेला डाग काढायला मात्र चारचौघांत उभं राहावं लागतं!