डाव्या हाताचा ठसा

डेलिया फेनच्या डाव्या हातातली अंगठी निघत नव्हती, आणि बाहेर थिएटरच्या अंगणात तिच्या पंजांचे ठसे घेण्यासाठी टाकलेलं सिमेंट ओलं होतं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येऊ नये, यासाठीच तर स्टुडिओ ऑरिन टीसडेलला पगार देत असे. तो प्रसिद्धी खात्यात होता. नटनट्यांच्या आयुष्यात जे घडलं ते घडलंच नाही, आणि जे घडलं नाही ते मोठ्या थाटात घडलं, असं वर्तमानपत्रांना कळवणं हे त्याचं काम. हॉलिवूडमध्ये या कामाला प्रतिष्ठा होती. अंत्यविधी करणाऱ्याला असते तशी.

थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत ऑरिन गुडघे टेकून बसला होता आणि देशातली सर्वांत लाडकी कुमारिका त्याच्यासमोर खुर्चीत बसली होती. साबण झाला होता, लोणी झालं होतं, बर्फ चालला होता.

"रोज गळ्यातल्या साखळीत असते ना ही?" ऑरिन म्हणाला.

"काल रात्री बोटात घातली. सकाळी बघते तर बोट हे असं सुजलेलं."

"असं एका रात्रीत बोट सुजतं?"

"डॉक्टर म्हणतात, अशा दिवसांत सुजतं."

ऑरिनने बर्फ खाली ठेवला. कसले दिवस, हे विचारण्याइतका तो नवखा नव्हता.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"युसेबियोला. आता तुला."

युसेबियो म्हणजे तिचा नवरा. स्टुडिओत दिवेवाला होता, मचाणावर चढून तिच्या तोंडावर प्रकाश टाकायचा. मेक्सिकन. स्टुडिओच्या मते डेलियाचं प्रेम मात्र तिच्या नायकावर, रॉडरिक शॉवर होतं. हे प्रेम ऑरिननेच मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, सँडविच खाताखाता जमवून दिलं होतं.

"कापूया," ऑरिन म्हणाला. "खाली सुताराकडे कानस असेल."

"त्याच्या आईची आहे ती. आधी बोट काप."

तिच्या करारात नीतिमत्तेचं कलम होतं. लोकांत छी-थू होईल असं काही केलं तर करार रद्द. शिवाय स्टुडिओचे मालक क्रॅमरसाहेब दिवेवाल्यालाही सोडणार नव्हते. त्यांनी चार फोन केले की त्या माणसाला या गावात काडी ओढायचंसुद्धा काम मिळालं नसतं. ते कलम प्रत्येक नव्या नटीला वाचून दाखवण्याचं काम ऑरिनकडेच होतं. तो ते छान वाचत असे.

"बोटाला पट्टी बांधते," ती म्हणाली. "कापलं म्हणून सांग."

"नाही चालणार. तुझ्या हातांचा विमा उतरवलाय."

"उतरवलाय?"

"नाही गं. पण छापलंय तसं. मीच छापलंय. जगातले सर्वांत सुंदर हात, आणि त्यांचा विमा. पट्टी दिसली की उद्याची पहिली बातमी तीच, आणि विमा कंपनीला फोन. मग विमाच नाही हे बाहेर येणार."

"काय पण डोकं आहे तुझं," डेलिया म्हणाली. कौतुकाने नव्हे.

शेवटी ऑरिनने तिच्या मेकअपच्या पेटीतलं मेण काढलं, नाकाचा आकार बदलायला वापरतात ते. अंगठीवर थापलं, वर रंग लावला. लांबून बोट बोटासारखं दिसत होतं. सिमेंट मात्र लांबून बघत नाही. म्हणून त्याने तिच्या डाव्या कुशीत तिची चपट्या नाकाची कुत्री दिली, डचेस.

"उजवाच हात दाबायचा. डाव्यात डचेस. काही झालं तरी हिला खाली ठेवू नकोस."

अंगणात गर्दी दोरीला रेटत होती. छायाचित्रकारांच्या पुढे, स्वतःची खुर्ची घेऊन, मिसेस हॅझलटन बसल्या होत्या. त्यांचं सदर देशभर सकाळच्या कॉफीबरोबर वाचलं जाई. त्यांनी मनात आणलं तर एका परिच्छेदात लग्न मोडे, दोन परिच्छेदांत माणूस.

डेलिया गुडघ्यांवर बसली. उजवा पंजा सिमेंटमध्ये दाबला. टाळ्या झाल्या. ऑरिनने श्वास सोडला.

"आणि डावा?" मिसेस हॅझलटन गोड आवाजात म्हणाल्या. "दोन्ही हातांचा विमा आहे ना, ऑरिन? की एकाचाच परवडला?"

लोक हसले. ऑरिनही हसला. हसण्याचे त्याला पैसे मिळत.

"डचेस घाबरते हो बाई गर्दीला," तो म्हणाला.

"अगंबाई. दे मग तिला माझ्याकडे."

त्यांनी हात पुढे केले. छायाचित्रकार ओरडू लागले, "डावा हात! डेलिया, डावा!" डेलियाने ऑरिनकडे बघितलं. त्याने मान हलवली, हलवली न हलवलीशी. पण नाही म्हणण्यातच बातमी होती, हे तिलाही कळत होतं. तिने कुत्री दिली आणि डावा पंजा दाबला.

हात वर आला तेव्हा तो चिखलाने माखलेला होता. बोटात काय आहे हे कुणाला दिसलं नाही. ऑरिनला दिसला तो ठसा. मेणाचा तुकडा सिमेंटलाच चिकटून राहिला होता, आणि करंगळीशेजारच्या बोटावर आडवी, सुबक खाच उमटली होती. उद्यापर्यंत ती दगडाची होणार होती. पुढची शंभर वर्षं प्रवासी त्यावर आपली बोटं ठेवून बघणार होते.

मिसेस हॅझलटननी कुत्री काखोटीला मारली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ठशावर वाकल्या.

ऑरिनने पुढे पाऊल टाकलं. मग आणखी एक. दुसरं थेट डाव्या ठशावर पडलं. बूट घोट्यापर्यंत रुतला, तो उपडा पडला आणि पडल्यापडल्या नीट लोळला. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. डचेस भुंकली. कुणीतरी म्हणालं, "प्यायलाय साला."

ऑरिन उभ्या आयुष्यात दारूला शिवला नव्हता. तो बसला आणि जरासा डोलला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत त्याचा फोटो होता. थिएटरने लादी उखडून टाकली. नवा समारंभ पुढे ढकलला, आणि डेलिया फेन धक्का बसल्यामुळे विश्रांतीसाठी काही महिने गावाबाहेर, वाळवंटातल्या विश्रामगृहात जाणार असल्याचं जाहीर झालं. ऑरिनला क्रॅमरसाहेबांनी बोलावलं. त्याच्याही करारात ते कलम होतं. यावेळी ते साहेबांनी वाचलं. बरं नाही वाचलं.

तो टेबल आवरत असताना फोन वाजला.

"बूट पडायच्या आधीच मी बघितलं होतं, ऑरिन," मिसेस हॅझलटन म्हणाल्या. "खाच."

ऑरिन खण रिकामा करत राहिला.

"पण नवऱ्याच्या नावावाचून ते छापणं म्हणजे बिनमिठाचं सूप. तुला आता कुठलाच स्टुडिओ दारात उभं करणार नाही. माझ्याकडे ये. दुप्पट पगार देते, स्वतःची खोली देते. पहिल्या दिवशी एकच काम. नाव सांगायचं."

खिडकीतून समोरच्या शेडमध्ये दिवेवाले तारा गुंडाळताना दिसत होते. त्यातला एक मचाणाच्या शिडीवर बसून केळं खात होता.

"कसं सांगू बाई?" ऑरिन म्हणाला. "मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. फार प्यायलो होतो. तुम्हीच तर छापलंय."

 पलीकडून डचेस भुंकल्याचा आवाज आला. ती अजून तिकडेच होती.

"कुत्री तरी परत करा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.