काईलीतली मिरवणूक

१९८३च्या दिवाळीत वसंत सुट्टीवर घरी आला. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. मंगळवार पेठेतल्या तालमीत तेव्हा वाद पेटला होता. तालमीचा फुटबॉल संघ सारखा हरत होता, आणि बाहेरचे खेळाडू आणावेत असं कप्तान गणपतीच्या मनानं घेतलं होतं.

"बाकीच्यांनी गोव्याचे फॉरवर्ड आणल्यात. आपन बी आणू की!"

वसंत म्हणाला, "मे महिन्यात आमचं जहाज स्पेनात बिल्बाओला लागलं हुतं. तिथं ॲथलेटिक म्हणून क्लब हाय, १८९८ सालचा. हा खेळ तिथं इंग्रजांनी नेला, पण आता संघात फकस्त त्या बास्क मुलखातली पोरं. बाहेरचा कितीबी भारी असू दे, घेत न्हाईत."

"मग मार खात असतील."

"मार? वरच्या दर्जातनं एकदाबी खाली उतरले न्हाईत. आणि यंदा अख्ख्या स्पेनचे चॅम्पियन! खेळाडूंना पडावावर, मोठ्या सपाट होडीवर चढवून नदीतनं मिरवलं. दोन्ही काठांवर नुसती माणसं. एका म्हाताऱ्यानं माझाच मुका घेतला. वळख ना पाळख!"

तालीम खदखदून हसली. हसणं ओसरल्यावर गणपती म्हणाला, "नदी तर आपल्याकडं बी हाय."

तिथंच ठरलं. संघात पेठेबाहेरचा एक माणूस नाही. जर्सी बिल्बाओसारखी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

सुरुवातीला गोल खाल्ले, शिव्याही खाल्ल्या. पण ही पोरं एकाच गल्लीत चेंडू मारत वाढलेली. न बघता पास द्यायची नि तो बरोबर पोचायचा. एप्रिलमध्ये संघ फायनलला गेला, वसंतही पुन्हा सुट्टीवर आला. शाहू स्टेडियमवर मुंगीला जागा नव्हती. शेवटी पेनल्टीवर आलं. शेवटच्या पेनल्टीला गोलात उभ्या गणपतीनं उडी चुकीच्या बाजूला मारली, पण मागं राहिलेल्या टाचेला चेंडू लागून बाहेर गेला. कप पेठेत आला!

आता नदी होती, पडाव कुठला? गणपतीची आत्या शेवंताबाई, नदीकाठच्या चिखली गावची. तिचं गुऱ्हाळ होतं. पुराच्या पाण्यात त्यांच्याकडं गूळ शिजवायच्या काईलीतूनच माणसं ने-आण करत. तिनं ती भलीमोठी कढई ट्रॅक्टरवर घालून थेट पंचगंगा घाटावर आणली.

"तिघंच बसा," ती ओरडली.

गणपती, वसंत आणि कप बसले. घाटावर हलगी कडाडली, गुलाल उडाला. गणपतीनं कप डोक्यावर धरला आणि काईल गरगरा फिरू लागली. देऊळ, पूल, माणसं. परत देऊळ, पूल, माणसं. वल्हं मारावं तर आणखीच जोरात फिरे. दोघं हसून हसून आडवे झाले. काठावरची माणसं पुलावरून पलीकडं धावली, कारण काईल आपल्या मर्जीनं समोरच्या वडणगे गावाच्या काठाला चालली होती.

शेतातल्या माणसांनी कडी धरून ती ओढून घेतली. गणपती उतरला, चार पावलं वाकडी टाकली आणि कपासकट उसात बसला.

"पावणं, कोण जिंकलं?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"पेठ!" वसंत ओरडला आणि त्या अनोळखी माणसाचा मुका घेतला.

एवढ्यात धापा टाकत शेवंताबाई पोचली. तिनं भाच्याच्या हातातला कप काढून घेतला, लुगडं खोचलं आणि काईलीत ठाण मांडून बसली.

"बघता काय? ढकला की रं!"