जावयासाठी एक रोहू

देवाजीला मासे इतके आवडत, की तलावातले मासे राखायचं काम गावानं त्याच्याच गळ्यात घातलं तेव्हा अर्धी ग्रामसभा हसली होती. पण विषय त्यानंच काढला होता. करडी गावाच्या पलीकडच्या त्या गावात दरसाल तलावाचा लिलाव व्हायचा, ठेकेदार बारीक जाळं घेऊन यायचा आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून न्यायचा. ऐंशी साली देवाजी सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "आपणच मच्छीचं बीज सोडू. पौषापर्यंत कोणी हात लावाचा नाई. मंग ढिवरायचं जाळं टाकू अन् सारे वाटून घेऊ." सरपंच पुंडलिकराव सावध माणूस. त्यांनी एका वर्षाची मुदत दिली. पौषात मासे निघाले तर ठीक, नाहीतर तलाव पुन्हा ठेकेदाराला.

तेव्हापासून देवाजी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फेऱ्या मारू लागला. पाण्यात रोहूनं उसळी मारली की त्याच्या तोंडाला पाणी सुटे, आणि मग स्वतःवरच चिडून तो घरी येई. श्रावण गेला, भादवा गेला, गडी काही बधला नाही.

मग आली मंडई. दिवाळी सरली की तिकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य रंगतं आणि घरोघर पाहुणे उतरतात. देवाजीचा नवा जावई घनश्याम बपेऱ्याहून पहिल्यांदाच येणार होता.

"जावई येऊन राह्यला अन् घरात मच्छी नाई?" ललिताबाईनं नवऱ्याला विचारलं.

"नियम हाय."

"मंग नियमच वाढा त्याच्या ताटात. वरून फोडणी मी देते."

आपल्याला स्वतःला मासा नकोच आहे, असं देवाजी मनाला सांगत होता आणि मन काही ऐकत नव्हतं. एवढ्या मोठ्या तलावातला एक रोहू गेला तर असं काय बिघडणार होतं? मंडईच्या सकाळी तो पाणी सोडायची मोरी पाहून येतो म्हणून निघाला आणि गवताच्या भाऱ्यात वीतभर रोहू दडवून परतला.

दारं लावून रस्सा शिजला. घनश्यामनं दोनदा मागून घेतला. आता काटे कुठे पुरावेत, या विचारात देवाजी अंगणात उभा होता, तोच ललिताबाई शेजारच्या गोदावरीबाईच्या घरून येताना दिसली.

"तू वाटी देऊन आली का वं?"

"मंग? जावयाचा रस्सा शेजारी नाई देला त लोक का म्हणन? आजवर कधी चुकवली का मी?"

आता गावभर बोभाटा होणार, हे देवाजी धरूनच चालला. पण गोदावरीबाई आली ती हसत, हातात झाकलेली वाटी घेऊन. "आमचाबी जावई आला ना जी," म्हणाली आणि वाटी टेकवून पळाली. पाठोपाठ मागच्या घरची केशरबाई आली. "आमची नदीची हाय जी," तिनं कोणी न विचारताच सांगून टाकलं. मग आणखी वाट्या आल्या. शेवटची खुद्द सरपंचाच्या घरची.

देवाजीला आधी हसू फुटलं. मग त्यानं झाकणं उघडून पाहिली. साऱ्या वाट्यांत तसेच कोवळे, वीतभर रोहूचे तुकडे. प्रत्येक घरानं एकच तर नेला होता, आणि जावई नाही असं घर गावात नव्हतं. पौषात जाळ्यात यायचे मासे आजच रश्श्यात पोहत होते. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. दुसऱ्या कोणाला बोलायला तोंडही उरलं नव्हतं.

त्यानं वाट्या रिकाम्या करून धुतल्या, टोपलीत भरल्या आणि भर मंडईत पंचायतीच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. पितळेच्या वाट्या, प्रत्येकीवर घरधनिणीचं नाव कोरलेलं. पहिली त्यानं घरातलीच ठेवली, ललिताबाईची.

"पह्यला चोर मी," देवाजी ओरडून म्हणाला. "ज्याची वाटी हाय त्यानं घेऊन जावी. अन् वाटीसंगं पाळीवर राखणीचा एक वार बी घेऊन जावा."

गावातले सारे जावई तमाशा पाहत उभे. सासरे पायांकडे पाहत. कोणी हलेना. शेवटी गोदावरीबाई तणतणत उठली. "माह्या मायनं देलेली वाटी हाय, मी काहून सोडू?" असं म्हणून तिनं वाटी उचलली आणि नवऱ्याच्या नावावर मंगळवार लागला. मग एकेक करत बाकीच्याही उठल्या. एकच वाटी उरली. पुंडलिकराव तेवढ्यात फुगेवाल्याचे फुगे निरखू लागले होते. त्यांची बायको सत्यभामाबाई सरळ पुढे आली, वाटी कमरेला लावली आणि म्हणाली, "यायले सोमवार द्या. नाईतरी दुपारभर घरी घोरतच असतेत."

अशी तलावावर चोरांचीच राखण बसली, आणि चोरीच्या साऱ्या तऱ्हा ठाऊक असल्यानं ती चांगलीच कडक बसली. पुंडलिकराव पहिल्या सोमवारी कुरकुरत गेले. पुढे पुढे ते बगळ्यांनाही सरपंचाच्या हुद्द्यानं दम भरू लागले.

पौषात ढिवरांनी जाळं ओढलं. मासे दीड-दीड वितीचे निघाले, पण देवाजीनं सभेत सांगितले होते तितके काही निघाले नाहीत. ठेकेदार पाळीवर येऊन उभाच होता. त्यानं ढिगाकडे पाहिलं, किंचित हसला आणि विचारलं, "मंग सरपंच, लिलाव कधी ठेवता जी?"

पुंडलिकराव गुडघाभर पाण्यातून, धोतर पिळत वर आले.

"कायचा लिलाव? सोमवार मी राखला हाय. तुमी कोणता वार राखला?"