तांबूस पाणी

"आज परत पाणी तांबूस!" टाकीच्या काचेला नाक लावून दर्सोनो पुटपुटले. "हा चहाच आहे. दुसरं काय असणार?"

सून वेनिंग केर काढत होती. "माशांच्या टाकीत चहा कोण ओतेल हो, बाबा?"

"तेच तर मी विचारतोय."

मलंग शहरातल्या रेल्वे फाटकावर दर्सोनोंनी आयुष्यभर नोकरी केली. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. टाकी त्यांच्या बायकोची, सुमिराहची. तळाची वाळू हुंगत फिरणारे मिशीवाले चिमुकले मासे, एवढंच काय ते तिच्या हातचं जिवंत असं मागे उरलं होतं. आणि हल्ली ते मासे मलूल झाले होते. त्यात वेनिंगला दिवस गेलेले. पाळण्याला जागा हवी, म्हणजे टाकी डोळ्यांत खुपणारच! दर्सोनोंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिच्या हातचा चहासुद्धा त्यांनी सोडला. स्वतःच आधण ठेवू लागले.

दुपारी ते मशिदीत जातो म्हणून निघाले आणि मागच्या दाराने हळूच परतले. वेनिंगचा हात कोपरापर्यंत टाकीत होता.

"सापडलीस!"

ती दचकली, पण हात लपवला नाही. मुठीत रानबदामाचं वाळकं पान होतं.

"आईंनी शिकवलंय. मासे दुखावले की हे टाकायचं. पाण्याला रंग येतो, पण जखम भरते."

"जखम? कोणी केली जखम?"

तिने म्हाताऱ्या माशाकडे बोट दाखवलं. दर्सोनोंनी चष्मा चढवला. माशाच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले होते. रंगीत खड्यांत तो तोंड खुपसायचा आणि झटकन मागे सरायचा. खडे धारदार होते. सुमिराहला जाऊन हजार दिवस झाले की तिच्या नावाने घालायच्या जेवणाला माणसं येणार, टाकी नटलेली दिसावी, म्हणून वाळू उपसून दर्सोनोंनीच ते हौसेने घातले होते.

"मग बोलली का नाहीस, बये?"

"आईंसाठी आणले होते ना तुम्ही. कुठल्या तोंडाने सांगू?"

दर्सोनोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाह्या सरसावून ते खडे उपसू लागले. जुनी वाळू वेनिंगने धुऊन परसात बादलीत झाकून ठेवली होती. ती त्यांनी हलक्या हाताने तळाशी पसरली. म्हातारा मासा खाली उतरला आणि खुंट वाळूत खुपसून तिथेच राहिला.

"नडुक," दर्सोनो म्हणाले. लाडाची ही हाक आजवर फक्त सुमिराह तिला मारायची. "चहा करतेस?"

तिने आणलेला पेला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.